तपासण्यांत काही निघत नाही तेव्हा

गेल्या अंकात थकव्याविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना, तपासणीत कोणताही आजार न सापडणाऱ्या तक्रारीही खऱ्याच असतात, असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्याला धरून या वेळी बरीच पत्रे आली. काही रुग्णांची आहेत, काही त्यांच्या घरच्या माणसांची, आणि एक पुण्यातल्याच एका तरुण डॉक्टरांचे आहे. डॉक्टरांचे पत्र सर्वांत आधी घेतो, कारण त्यांनी मोकळेपणाने जे लिहिले आहे ते आमच्या व्यवसायातील बहुतेकांनी अनुभवलेले असते, पण फारसे कोणी लिहीत नाही. उत्तर डॉक्टरांना दिलेले असले तरी ते रुग्णांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : मी धायरी भागात चार वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे ४६ वर्षांच्या एक बाई गेली दोन वर्षे येत आहेत. कधी चक्कर, कधी छातीत धडधड, हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, डोके जड, पोटात गॅस आणि अधूनमधून सगळे अंग ठणकणे, अशा त्यांच्या तक्रारी असतात. ईसीजी, टू-डी एको, एंडोस्कोपी, मेंदूचा एमआरआय आणि थायरॉइड या सगळ्या तपासण्या होऊन नॉर्मल आल्या आहेत. दोन तज्ज्ञांनी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून त्यांना परत पाठवले. कधी कधी त्या आठवड्यातून तीनदा येतात. संध्याकाळच्या ओपीडीत पन्नास-साठ रुग्ण बसलेले असताना त्या दारात दिसल्या की माझ्या कपाळावर आठी येते, आणि नंतर त्याची मलाच लाज वाटते. आणखी तपासण्या कराव्यात का? ‘तुम्हाला काही झालेले नाही’ याऐवजी त्यांना काय सांगावे? – एक डॉक्टर, धायरी, पुणे

उत्तर : आठी येते हे तुम्ही कबूल केले, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. माझ्या अनुभवात ती आठी रुग्णाबद्दलच्या रागातून क्वचितच येते. आपल्याला काही सापडत नाही, या असहायतेची ती खूण असते. वैद्यकीय महाविद्यालयात आपल्याला निदान करायला शिकवले जाते. निदान हाती नसताना रुग्णासोबत कसे राहावे, हे मात्र ज्याचे त्याला दवाखान्यात बसूनच शिकावे लागते.

तुमच्या या बाई अपवाद नाहीत, हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या १,००० रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, धाप, झोप न लागणे अशा १४ नेहमीच्या तक्रारी त्यांनी पाहिल्या आणि त्यांपैकी केवळ १६ टक्के तक्रारींमागे शारीरिक आजार सिद्ध झाला. उरलेल्यांतील कित्येक तक्रारी आपोआप बऱ्या होणाऱ्या असतात, हे खरे. पण ज्या राहतात, त्या घेऊन माणसे वर्षानुवर्षे आपल्या दारात येतात, आणि त्यांना सांभाळणे हा जनरल प्रॅक्टिसचाच भाग आहे, तिच्यातला अडथळा नव्हे.

त्या बाईंना एकदा दुपारची, ओपीडी सुरू होण्याच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटांची वेळ द्या. त्या दिवशी फाइल बंद ठेवा आणि सगळे पहिल्यापासून सांगायला सांगा. डॉक्टर रुग्णाचे सुरुवातीचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडतात, असे १९८४ च्या एका अभ्यासात दिसले होते, आणि गर्दीच्या ओपीडीत मीही याहून फार वेगळा वागलो असेन असे मला वाटत नाही. त्यांचे बोलून झाल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारा : हे पहिल्यांदा झाले तेव्हा घरात काय चालले होते, आणि हे कोणत्या आजाराचे असेल अशी तुम्हाला भीती वाटते? माझ्याकडे डोके जड होण्याची तक्रार घेऊन एक बाई दीड वर्ष येत होत्या. त्यांच्या बहिणीचा मेंदूतील गाठीने मृत्यू झाला होता आणि तिचीही सुरुवात डोके जड होण्यानेच झाली होती. एमआरआय नॉर्मल आला, हे त्यांना सगळ्यांनी सांगितले होते; पण बहिणीला होती तशी गाठ असती तर ती याच तपासणीत दिसली असती, हे कोणीच सांगितले नव्हते, कारण ती भीती कोणी विचारलीच नव्हती. भेटीचा थोडा वेळ सोबतच्या माणसांना बाहेर बसायला सांगावे, मग ते पती असोत वा सासूबाई. घरातील मारहाण, नवऱ्याचे व्यसन, कर्जाचा तगादा या गोष्टी त्यांच्यासमोर उच्चारल्या जात नाहीत. मात्र असे काही दुःख सापडलेच पाहिजे, असा हट्ट धरू नका. पुष्कळ रुग्णांच्या आयुष्यात असे काहीही नसते आणि तरी त्यांचे दुखत असते. आपण खणत राहिलो तर डॉक्टर आपल्याला मनोरुग्ण ठरवू पाहत आहेत, असेच त्यांना वाटते.

यानंतर त्यांना टेबलावर घेऊन नीट तपासा. नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या कडांतील फिकेपणा, मानेतील गाठी, छाती, पोट, पायांची संवेदना. दोन वर्षांच्या जाड फायलीत प्रत्यक्ष हाताने केलेल्या तपासणीची नोंद किती वेळा सापडते, हे एकदा पाहा. हात लावून तपासल्याशिवाय ‘मला काळजीचे काही वाटत नाही’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि रुग्णही त्यावर विश्वास ठेवत नाही.

तपासण्यांबाबत तुमच्या यादीत मला दोन गोष्टी दिसल्या नाहीत. हिमोग्लोबिन नसेल पाहिले तर पाहा, आणि मुंग्या येत असताना जीवनसत्त्व बी-१२ ची पातळी पुण्यात तरी पाहिलीच पाहिजे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. कमतरता आढळली तर उपचार करा. पण जी गोष्ट इतक्या लोकांत सापडते तिच्यावर बाईंच्या सगळ्या तक्रारींचा भार टाकू नका, नाहीतर सहा इंजेक्शनांनंतर दोघांचीही निराशा होईल. शिवाय त्यांचे वय ४६ आहे. पाळी अनियमित झाली आहे का, रात्री घाम येऊन झोपमोड होते का, हे तुमच्या पत्रात कोठेच नाही. रजोनिवृत्तीच्या आसपास धडधड, चक्कर आणि अंगदुखी या तिन्ही गोष्टी सर्रास दिसतात.

याच्या पलीकडे केवळ समाधानासाठी तपासण्या करू नका, कारण त्यांनी समाधान होत नाही. गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या तपासण्यांविषयीच्या १४ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. नॉर्मल रिपोर्टमुळे रुग्णांची आजाराची धास्ती किंवा त्यांची लक्षणे काही काळाने कमी झालेली दिसली नाहीत. तपासणी करायचीच असेल तर ती आधी समजावून सांगा : ‘ही तपासणी नॉर्मल येईल असा माझा अंदाज आहे, आणि तशी आली तर आपण पुढे असे करणार आहोत.’ रिपोर्ट आल्यानंतर सांगितलेले ‘काही नाही निघाले’ आणि आधीच सांगून ठेवलेले ‘नॉर्मल येईल’ यांचा रुग्णावर होणारा परिणाम फार वेगळा असतो.

आता ‘काय सांगावे’ या प्रश्नाकडे येतो, कारण उपचाराचा गाभा माझ्या मते तेथे आहे. ‘काही नाही’ हे उत्तर रुग्णाच्या अनुभवाला खोटे ठरवते. ‘थोडी कमजोरी आहे, थोडा गॅस आहे’ हे उत्तर त्याला बरे वाटते, पण ते खरे नसते आणि त्यातून तो आयुष्यभर कमजोर राहतो. शरीरात नेमके काय घडते आहे, हे सांगणारे तिसरे उत्तर शोधावे लागते, आणि तुमच्या रुग्णाच्या बाबतीत ते उपलब्ध आहे. काळजीत किंवा दमलेल्या अवस्थेत माणूस नकळत गरजेपेक्षा जास्त श्वास घेत राहतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता घटते, मुक्त कॅल्शियम कमी होते आणि मज्जातंतू लवकर चेतावतात. म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात, म्हणून चक्कर येते. ‘तुम्हाला मुंग्या येतात त्या अशा येतात’ असे बोटाने दाखवून सांगितल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी अनेकदा पाहिला आहे, कारण आपल्या लक्षणाला काही तर्क आहे, हे त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलेले असते.

अंगदुखी आणि पोटाच्या तक्रारींसाठी मी गणपतीच्या मांडवाचे उदाहरण देतो, ते पुण्यात कोणालाही कळते. माइक चांगला, कर्णा चांगला, तारा शाबूत, आणि तरी आवाज जरा जास्त वाढवला की कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि सगळा मांडव दणाणून टाकणारी शिटी सुरू होते. यंत्र उघडून पाहिले तर तुटलेले काहीच सापडत नाही. पण शिटी खरीच असते आणि कान दुखतातच. शरीरातून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांचा आवाजही दीर्घ आजारपण, अपुरी झोप, शोक किंवा सततची धास्ती यांमुळे वाढू शकतो. दुखले की भीती वाटते, भीतीने लक्ष तिकडेच जाते, आणि लक्ष गेले की अधिक दुखते. ही शिटी थांबवायची तर आवाजाचे बटण हळूहळू खाली आणावे लागते, आणि झोप, रोजचे चालणे, श्वासाचा सराव व गरज पडल्यास औषध हे त्याचे उपाय आहेत. हे सांगताना शरीर आणि मन यांची वाटणी करण्याची गरज पडत नाही, म्हणून रुग्णाला अपमान वाटत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत सोपा आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो. रुग्णाला पुढच्या भेटीची तारीख द्या. आपल्याकडे ‘काही वाटले तर या’ असे सांगण्याची पद्धत आहे. तिचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने असा होतो की, डॉक्टरांना भेटायचे असेल तर काहीतरी वाटले पाहिजे. आपण नकळत नव्या लक्षणाला दवाखान्याचे प्रवेशपत्र करून टाकतो. वर्षानुवर्षे अनेक शारीरिक तक्रारी असणाऱ्या रुग्णांच्या फॅमिली डॉक्टरांना एक सल्लापत्र पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला होता. दर चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला रुग्णाला भेटावे, प्रत्येक भेटीत थोडक्यात तपासावे, स्पष्ट गरज असल्याशिवाय तपासण्या व भरती टाळावी, आणि ‘हे सगळे तुमच्या डोक्यात आहे’ असे म्हणू नये, एवढेच त्यात होते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचा उपचारांवरील तिमाही खर्च ५३ टक्क्यांनी उतरला आणि त्यांची प्रकृती त्यामुळे ढासळली नाही. तुमच्या बाईंना सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दीड महिन्याने बोलवा. बरे वाटत असले तरी यायचे, हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि बरे वाटत असताना त्या आल्या तर त्या भेटीला तेवढाच वेळ द्या.

सलाइन, ताकदीचे इंजेक्शन, कायमची ॲसिडिटीची गोळी आणि झोपेची गोळी यांबद्दल मला कठोरपणेच लिहावे लागेल. सलाइनमधून मिळणारे मीठ-पाणी तोंडावाटे घेता येते. रुग्ण मागतात म्हणून आपण देतो, असे आपण म्हणतो. पण इंग्लंडमध्ये अशा भेटींचे ध्वनिमुद्रण करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध, तपासणी किंवा तज्ज्ञाकडे पाठवणे हे रुग्णांपेक्षा डॉक्टरांनीच अधिक वेळा सुचवलेले आढळले. रुग्णाला पुष्कळदा समजूत हवी असते आणि आपल्या हाताशी प्रिस्क्रिप्शनचे पॅड असते. अल्प्राझोलामसारखी चिंतेवर आणि झोपेसाठी दिली जाणारी गोळी चार-सहा आठवड्यांच्या पुढे गेली की ती सोडवणे हाच एक नवा आजार होऊन बसतो. याउलट, काही रुग्णांत ॲमिट्रिप्टिलिन हे जुने औषध अगदी कमी मात्रेत उपयोगी पडते. पोटात मुरडा आणि शौचाच्या तक्रारी असलेल्या आतड्यांच्या विकारात १० ते ३० मिलिग्रॅमच्या मात्रेचा फायदा ब्रिटनमधील जनरल प्रॅक्टिसमध्येच झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दिसला. मात्र काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांतील दोष यांची विचारपूस आधी करा, आणि ‘मेडिकलवाले याला डिप्रेशनची गोळी म्हणतील, आपण ती त्याहून पुष्कळ कमी मात्रेत, दुखण्याचा आवाज कमी करण्यासाठी वापरत आहोत’ हे तुम्हीच आधी सांगा. हे दुकानात पहिल्यांदा कानावर पडले तर तुमच्यावरील विश्वास त्याच काउंटरवर संपतो.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. तीन वर्षांपासून कंबर, ओटीपोट आणि पाय दुखतात, अंगावरून पांढरे जाते, उभे राहून स्वयंपाक करणे कठीण होते. सोनोग्राफी व रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात मनाचे आहे, सासरी म्हणतात नाटक आहे. मला खरेच वेड लागते आहे का? – एक भगिनी, कसबा पेठ, पुणे

उत्तर : नाही, ताई. तुम्हाला वेड लागलेले नाही आणि तुम्ही नाटकही करत नाही. दुखणे ही मज्जासंस्थेत प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे. ती सोनोग्राफीत दिसत नाही, याचा अर्थ सोनोग्राफीला ती दाखवता येत नाही, एवढाच होतो. मनोविकारतज्ज्ञांचा विचारही या बाबतीत बदलला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष सुधारताना, शारीरिक कारण न सापडणे ही या प्रकारच्या विकाराच्या निदानाची अट काढून टाकली. कारण सापडले नाही म्हणून ते मनाचे, हा जुना तर्क आज धरला जात नाही.

तुमच्या पत्रातील एक बाब मला महत्त्वाची वाटते. तुमची आतून तपासणी कोणा स्त्रीरोगतज्ज्ञांनी केली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी न करता बाईमाणसाच्या दुखण्याला ‘मनाचे’ म्हणणे मला मान्य नाही. दुसऱ्या बाजूने, गोव्यात झालेल्या एका मोठ्या पाहणीत अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि घरगुती ताणांशी अधिक आढळला. या दोन अभ्यासांत मला विरोध दिसत नाही. आधी तपासावे, संसर्ग असेल तर त्यावर उपचार करावेत, आणि नसेल तर प्रतिजैविकांचे कोर्स पुन्हापुन्हा देत न बसता त्या बाईच्या आयुष्याकडे पाहावे, एवढाच क्रम त्यांतून मिळतो.

तपासणी नॉर्मल निघाली तर एकच फॅमिली डॉक्टर निवडा आणि वर्षभर बदलू नका. भेटीला जाताना तीनच गोष्टी कागदावर लिहून न्या : सर्वांत जास्त अडवणारी तक्रार, तुम्हाला वाटणारी भीती, आणि दुखण्यामुळे बंद पडलेले असे एखादे काम जे तुम्हाला पुन्हा करायचे आहे. दुखणे पूर्ण थांबल्यावर चालायला लागू, असे ठरवू नका. रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा. चांगल्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी शून्य, असे मात्र करू नका, कारण त्या चढउतारानेच पुष्कळ रुग्ण पुन्हा अंथरुणाला खिळतात. सासरच्या मंडळींपैकी ज्यांच्याशी बोलता येईल अशा एकाला पुढच्या भेटीत सोबत न्या आणि हे दुखणे खरे आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून त्यांना भूक नाही, पोट साफ होत नाही, पोटात दुखते. सगळे म्हणतात की हे दुःखामुळे आहे. किती वाट पाहावी? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वाट पाहू नका, या आठवड्यातच तपासून घ्या. वर जे लिहिले ते पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या पोटाच्या तक्रारींना लागू करता येत नाही. वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त किंवा काळी शौच, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, गिळताना अडकणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, रेंगाळणारा ताप आणि नव्याने आलेला फिकेपणा या धोक्याच्या खुणा आहेत. यांपैकी एकही असेल तर दुःखाचे कारण पुढे करू नये. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. पत्नी गेल्यानंतर भूक मेलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे पाच महिने येत होते आणि मी त्यांच्या कार्डावर प्रत्येक वेळी शोक असे लिहीत होतो. एके दिवशी तपासणीच्या टेबलावर त्यांनी पट्टा सोडला तेव्हा त्याला हाताने पाडलेली दोन नवी भोके मला दिसली. मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. त्यांचा शोक खरा होता आणि कर्करोगही खरा होता. तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाचे वजन मी दर भेटीला स्वतः नोंदवतो.

डॉक्टर वाचकांसाठी येथेच एक भर घालतो. १९६५ साली लंडनमधील एलियट स्लेटर यांनी ‘हिस्टेरिया’ (म्हणजे शारीरिक कारण न सापडल्याने मनाची मानलेली लक्षणे) असे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा काही वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील पुष्कळांना पुढे दुसरा आजार निघाला होता. २००५ च्या एका व्यापक आढाव्यात मात्र, १९७० नंतरच्या अभ्यासांत मज्जासंस्थेच्या अशा लक्षणांचे निदान चुकण्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. प्रमाण कमी आहे, शून्य नाही. म्हणून दर भेटीत थोडे तरी तपासावे आणि लक्षणाचे स्वरूप बदलले तर जुने मत बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचार करावा.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो, वय ३४. पाठ दुखते म्हणून दरवर्षी संपूर्ण शरीराच्या तपासणीचे पॅकेज घेतो. दरवेळी एखादा आकडा लाल अक्षरात येतो आणि एमआरआयमध्ये मणक्याची चकती फुगलेली दिसली आहे. मग हे ‘कारण न सापडलेले’ दुखणे कसे? – एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : प्रयोगशाळेतील नॉर्मलच्या मर्यादा बहुधा अशा आखलेल्या असतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यांत बसावेत. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. चकतीचेही असेच आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ मधील आढावा सांगतो की, विशीतल्या ३० टक्के लोकांत फुगलेली चकती दिसते आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के लोकांत. पायात ताकद कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागाला बधिरता यांपैकी काही नसेल तर पॅकेजचे पैसे वाचवा आणि पाठीचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

प्रश्न : अशा रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी पाठवावे? पाठवतो म्हटले की रुग्ण येणेच बंद करतात. – एक डॉक्टर, कोंढवा, पुणे

उत्तर : उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे, वारंवार येणारे तीव्र भीतीचे झटके यांसाठी पाठवावे, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी. हे विचार आहेत का, असे सरळ विचारावे. विचारल्याने ते निर्माण होत नाहीत. रुग्ण येणे बंद करतात, कारण आपण चिठ्ठी देतो आणि पुढची तारीख देत नाही. ‘त्यांना भेटून या आणि पुढच्या महिन्यात अमुक तारखेला माझ्याकडे या’ असे म्हटले की टाकून दिल्याची भावना राहत नाही. खर्चाची अडचण असेल तर ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनाशुल्क बोलता येते.

धायरीच्या डॉक्टरांनी पत्राच्या शेवटी आणखी दोन प्रश्न जोडले होते : ‘मी बरी होईन ना?’ असे बाईंनी विचारले तर काय म्हणावे, आणि तारीख देऊनही त्या आधीच आल्या तर काय करावे?

पहिल्याचे उत्तर आशेने द्यावे, पण खोटे देऊ नये. एका ब्रिटिश जनरल प्रॅक्टिशनरने १९८७ साली, तक्रारी आहेत पण तपासणीत काही नाही अशा २०० रुग्णांवर साधा प्रयोग केला. काहींना ठाम शब्दांत सांगितले की हे अमुक आहे आणि काही दिवसांत बरे वाटेल. इतरांना सांगितले की तुम्हाला काय झाले आहे ते मला नक्की सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातील ६४ टक्के आणि दुसऱ्यातील ३९ टक्के रुग्णांनी बरे वाटल्याचे सांगितले. तुमच्या बाईंसारख्या जुन्या दुखण्यात सुधारणा याहून सावकाश होते. ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेल्या जनरल प्रॅक्टिशनरांनी ३५४ रुग्णांपैकी निम्म्यांना जास्तीत जास्त चार सविस्तर भेटी देऊन लक्षणांचा अर्थ समजावून सांगितला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वर्षानंतर लक्षणांचा भार नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी आढळला. फरक माफक होता, पण तो केवळ बोलण्यातून आला होता. म्हणून बाईंना सांगा की सहा महिन्यांत वाईट दिवस कमी होतील, पूर्ण थांबायला अधिक काळ लागेल, आणि तोवर त्या तुमच्याकडे येत राहतील.

तारखेच्या आधी त्या आल्या तर रागावू नका आणि परतही पाठवू नका. पहिले दोन-तीन महिने हे होणारच. नव्या तक्रारीपुरते तपासा, पाच मिनिटे द्या, धोक्याची खूण नसल्यास तसे सांगा, नवीन औषध लिहू नका, आणि कार्डावरची आधीची तारीख तशीच ठेवा.